उभी ठेवलेली कॅप

फोन दादाच्याच नंबरावरून आला होता, म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हणाले, "ऑइल सील आलंय तुझं, येऊन घेऊन जा." पलीकडून अनोळखी माणूस बोलला. "ताई, या फोनमधी वरतीच 'सुमी दुकान' असं नाव दिसलं, म्हणून लावला..." तो वडगावला तहसील कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर होता. दादा सातबारा काढायला गेला होता. काम झालं, चहा सांगितला, आणि चहा यायच्या आत बाकावरच कलंडला. पुढचं काय ऐकलं ते धड आठवत नाही. ते ऑइल सील मी नीट डबीत घातलं आणि डबी त्याच्या कप्प्यात ठेवली, एवढं आठवतं. ती अजून तिथेच आहे.

आता काही आठवडे झाले. लोक भेटतात, दिनकर मिस्त्री लय गुणी माणूस होता म्हणतात. होताच. पण मला त्याच्याबद्दल लिही म्हटल्यावर सगळ्यात आधी त्याचे गुण आठवत नाहीत, त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख आठवतं. हसू येत असेल तर खुशाल हसा. मी इतकी वर्षं तेच करत आले.

कार्ले फाट्याला, जुन्या हायवेच्या कडेला आमची जागा आहे. पुढे माझं स्पेअर पार्टचं दुकान, मागे दादाचं गॅरेज आणि मध्ये एक दार. आमची सगळी भांडणं त्या दारात झाली. मी नवीन पार्ट विकणारी, तो जुना पुसून परत बसवणारा. सख्ख्या भावाने धंद्यावर असा पाय द्यावा का, असं मी रोज विचारायचे आणि तो रोज हसायचा. त्यातही इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उघडलं, की मी हातातलं गिऱ्हाईक सोडून आत पळायचे.

हेडवर एक लांब दांडा आडवा बसलेला असतो, कॅमशाफ्ट. तो फिरतो तसे व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. या दांड्याला जागेवर धरून ठेवतात त्या कॅप. अर्धगोल, बोटाएवढ्या, दिसायला अगदी किरकोळ. पण गंमत अशी, की माझ्या दुकानात सगळं मिळेल, ती कॅप सुटी मिळणार नाही. हेड आणि कॅप एकत्र आवळून, एकाच वेळी भोक पाडून तयार होतात. त्यामुळे एक कॅप गेली, की अख्खं हेड गेलं. म्हणजे दादा हातात एवढासा तुकडा घेऊन उभा असायचा आणि त्या गाडीच्या मालकाचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

कॅप तो एकदम खोलायचा नाही. दोन्ही टोकांकडून थोडं थोडं सैल करत आत यायचा, नाहीतर दांडा वाकतो. मग ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने त्या अंड्यांच्या ट्रेमध्ये मांडायच्या. वहिनीच्या जुन्या सुती साडीचं फडकं घेऊन पुसायच्या. नंतर स्वारी बाहेरच्या दारात. सकाळचं तिरपं ऊन कार्ल्याच्या डोंगरावरून सरळ आमच्या दारात येतं. त्या उन्हात तो कॅप अशी कलती करायचा, की आतली एकेक रेघ बोलायला लागायची. करडा, सारखा रंग असेल तर उत्तम. एखादा पट्टा जास्त चमकत असेल तर तिथे दांडा घासतोय. धातू ओढल्यासारखा, चिकटल्यासारखा दिसला तर खेळ खल्लास. आणि शेवटी ते नख! खास त्यासाठी वाढवलेलं. रेघांवरून आडवं फिरवायचं. सरकलं तर कॅप पास. अडकलं तर नापास. पास झालेली ट्रेमध्ये उताणी ठेवायची, नापास पालथी. आणि ठरत नसेल, तर कडेवर उभी.

या नखावरून घरात कमी रामायण झालेलं नाही. लग्नात हळद लावताना बायकांनी ते कापायला काढलं, तर नवरदेव पाटावरून उठून उभा राहिला होता. वहिनीला तेव्हाच कळायला हवं होतं. पण तिनेही एका दिवाळीला कमाल केली. साफसफाईच्या भरात तिने ट्रेमधल्या सगळ्या कॅप घमेल्यात काढल्या आणि भांड्यांच्या पावडरीने घासून लखलखीत केल्या. क्रम गेला आणि आतला पृष्ठभागही गेला. ते हेड आमच्याच व्हॅनचं होतं म्हणून निभावलं. दादा घमेल्याकडे बघून म्हणाला, "शालन, लय झाक केल्यास बग. आता ह्ये हेड देवळात ठिवू, हार घालू." त्या दिवसापासून तो ट्रे वरच्या फळीवर गेला आणि त्याला कुणीही हात लावायचा नाही असा कायदा झाला.

मला एकच गोष्ट सलायची. एकदा तरी त्याने मला कॅप हातात देऊन विचारावं, सुमे, तुला काय वाटतं? मी मागितली, की तो हात मागे घ्यायचा. "तू दुकानदार हायस. तुला समदं झिजल्यालंच दिसनार." मी चिडायचे. खरंच चिडायचे.

त्याच्या मागे फळीवर ट्रे भरलेला राहिला. डोंगरावरच्या वाडीतल्या पांडूच्या पिकअपचं हेड होतं ते. वाडीतलं दूध तो लोणावळ्याला पोचवतो. चढावर ऑइल कमी पडलं आणि कॅमशाफ्ट आवाज करायला लागला. हेड गेलं असतं तर गाडी विकून परत दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जायची पाळी होती. दहावं-तेरावं झाल्यावर पांडू आला, दारात उभा राहिला. गाडीचं नावही काढेना. शेवटी मीच म्हणाले, "बघू का रे?"

"बगा की ताई," तो म्हणाला. "दादा आसतं तर त्येंनीच बगितलं आसतं. आता तुमी म्हनाल तसं."

मी ट्रे खाली घेतला. सगळ्या कॅप उताण्या. एक सोडून. ती कडेवर उभी.

म्हणजे दादालाही ठरवता आलं नव्हतं. तरी कॅप घेऊन मी उन्हात गेले. रेघा होत्या. नख फिरवलं, रेघ जाणवली, पण अडकलं नाही. की अडकलं? पुन्हा फिरवलं. नाही, सरकलं. मग प्लास्टिकचा तो बारीक धागा काढला, जो मी वर्षानुवर्षं विकते आणि कधी वापरला नव्हता. दांड्यावर कोरडाच ठेवला, कॅप आवळली, पुन्हा खोलली. धागा जेवढा चपटा होतो तेवढी फट कमी. पाकिटावरची मापाची पट्टी शेजारी धरली. फट मापात बसत होती! मग सगळं पुसलं, तेल लावलं, कॅप थोड्या थोड्या आवळत नेल्या आणि नुसता दांडा हाताने फिरवला. फिरला, फिरला... आणि एका जागी जड झाला. पांडूने खाली बघितलं. दुकानदार मनात म्हणाली, झालं, हेड गेलं. पण दादाची बहीण ऐकेना. मी ती कॅप पुन्हा काढली आणि ती जिथे टेकते ती जागा बोटाने चाचपली. एक कण. धुळीचा एवढासा कण. पुसला, परत बसवली, फिरवला. दांडा असा सरकन फिरला, की मी एकटीच मोठ्याने हसले आणि हसता हसता रडले.

हेड चढवून गाडी सुरू केली तेव्हा आवाज ऐकायला वडापाववालासुद्धा गाडा सोडून आला. पांडू स्टिअरिंगला डोकं टेकून बसला होता. मग गाडी घेऊन वाडीकडे गेला.

त्या आनंदात मी वहिनीला सांगायला घरात गेले. ती पीठ मळत होती. दादा अडला होता त्या कॅपचा निकाल मी लावला, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तिचे हात थांबले.

"वन्सं, तुमाला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बगा. वडगावला निगताना ह्ये म्हनलं, सुमीला सांग, एक तिच्यासाठी उभी ठिवलीया. बगू काय म्हनती. मला काय कळतंय त्यातलं... आन मग दुपारी ह्ये आसं झालं."

मी तशीच परत गॅरेजमध्ये आले. ट्रे बाकड्यावर रिकामा पडला होता. त्या एका खळग्यात तेलाचा बारीक डाग राहिला होता, अर्धगोल, उभ्या कॅपच्या कडेचा. मी ट्रे उचलून वरच्या फळीवर ठेवला.

हल्ली मी उजव्या अंगठ्याचं नख कापत नाही. पीठ मळताना त्यात कणीक अडकते आणि वहिनी हसते.