बाबासोंच्या तीन पिशव्या

“मॅडम, ही सर्टिफिकेटं बघा. माझ्या भावानं तीन वर्षं वळीनं रक्त दिलंय. आता त्याला लागतंय, तर तुमी आमालाच बदली डोनर मागताय व्हय?”

काउंटरपलीकडचा माणूस पस्तिशीचा होता. नाव सुकुमार, गाव आष्टा. मी तेव्हा सांगलीच्या एका ब्लड बँकेत सीनियर टेक्निशियन होते. नेलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्त देणारा माणूस आणायला सांगायची आमची पद्धत होती, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी डॉक्टरांनी दिलेला रक्ताच्या मागणीचा फॉर्म हातात घेतला.

पेशंट बाबासो, वय बेचाळीस. आजार, लिव्हरचा कॅन्सर. त्याखाली लाल पेनाने लिहिलं होतं, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह.

मी ती ओळ दोनदा वाचली. हिपॅटायटिस बी म्हणजे गावाकडे जिला पांढरी कावीळ म्हणतात, त्यातला एक प्रकार. तो रक्तातून पसरतो. आणि या माणसाने आमच्याकडे तीनदा रक्त दिलं होतं. ते कुणाला गेलं?

सुकुमारला बसायला सांगून मी आत कॉम्प्युटरकडे गेले. तिन्ही पिशव्यांचे नंबर टाकले. तिन्हींपुढे एकच शब्द होता, डिस्कार्ड. टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून पिशव्या नष्ट केल्या होत्या. एकाही पेशंटला ते रक्त गेलं नव्हतं.

मी सुटकेचा श्वास सोडला, पण तो अर्धवटच राहिला. म्हणजे आम्हाला तीन वर्षांपासून माहीत होतं.

बाहेर येऊन सुकुमारला विचारलं, “भावाला कावीळ आहे हे कधी कळलं?”

“परवा. पोटात दुखाय लागलं म्हणून सोनोग्राफी केली, तवा. आदी कायबी तरास न्हवता, मॅडम. उसाची मोळी एकटा उचलायचा.”

हा आजार असाच असतो. लहानपणी शिरला तर बऱ्याचदा शरीरात मुक्काम करतो. वीस-तीस वर्षं आवाज करत नाही. मग कुणाचं लिव्हर कडक होतं, कुणाला गाठ येते. आधी कळलं तर वेळोवेळी तपासण्या करता येतात. गरज असेल त्याला रोजची एक गोळी देतात. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात. कॅन्सरचा धोका बराच कमी होतो. मात्र आधी त्या माणसाला कळावं लागतं.

आमचा नियम साधा होता. टेस्ट पॉझिटिव्ह आली की डोनरला फोन करायचा. फोनवर आजाराचं नाव काढायचं नाही, नुसतं भेटायला बोलवायचं. समोर बसवून सांगायचं. फोनची नोंद रजिस्टरमध्ये करायची.

मी रजिस्टर काढलं. पहिल्या वर्षी, “फोन केला. निरोप दिला.” दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. तिन्ही ठिकाणी अक्षर माझं, सही माझी.

मी खुर्चीवर बसले. मला त्यातला एकही फोन आठवत नव्हता.

नोंदीतला मोबाइल नंबर तिन्ही वर्षी एकच होता. मी तो लावला. फोन तात्यांनी उचलला. तात्यांचं आष्ट्यात खताचं दुकान. महावीर जयंतीचा रक्तदान कॅम्प दरवर्षी तेच भरवायचे. गर्दीत फॉर्म भरताना वेळ जातो म्हणून त्यांची मंडळी बऱ्याच फॉर्मवर तात्यांचाच नंबर टाकत. हे मला त्या दिवशी कळलं.

“तात्या, बाबासोंना भेटायला पाठवा म्हणून मी फोन केला होता ना?”

“व्हय की. दरसाल करता. मी सांगितलं त्याला. त्यो म्हणला, उसाची तोड चालू हाय, मागनं जातो.”

“मग तुम्ही परत नाही सांगितलंत?”

“आवं मॅडम, तुमी नुसतं भेटायला पाठवा म्हणालात. मला वाटलं, सत्कार-बित्कार आसंल.” मग त्यांनीच विचारलं, “का वं? काय झालंय?”

मला त्यांनाही सांगता येत नव्हतं. तोही नियमच.

मी रजिस्टर घेऊन मेडिकल ऑफिसर सरांकडे गेले. त्यांनी तिन्ही नोंदी वाचल्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“कॅम्पच्या जागी जुन्या डोनरची यादी तपासली नाही का?”

“तिथे कॉम्प्युटर नसतो, सर. सगळं कागदावर.”

“म्हणजे आपण तीनदा त्याचं रक्त घेतलं, तीनदा फेकलं.”

“हो, सर.”

“नियमात चूक दिसत नाही,” ते म्हणाले. मग सुकुमारला आत बोलवायला सांगितलं.

सुकुमारला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. त्याने हळूच विचारलं,

“म्हंजे पयल्या वर्सालाच ठावं हुतं?”

“हो,” सर म्हणाले.

“कुणाला?”

“मला,” मी म्हणाले.

त्याने सर्टिफिकेटं पिशवीत भरली. मी त्याला रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या. बदली डोनर मागितला नाही.

चार दिवसांनी मी आष्ट्याला त्यांच्या घरी गेले. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं आहे म्हटलं. सुकुमारने दार अडवलं नाही, पण चहाही विचारला नाही. त्यांच्या आईची टेस्ट पॉझिटिव्ह आली. बहुधा तिच्याकडूनच जन्माच्या वेळी दोन्ही मुलांना हा आजार आला होता, कारण सुकुमारही पॉझिटिव्ह निघाला. त्याला कसलाच त्रास नव्हता. बाबासोंची बायको निगेटिव्ह होती, तिला लशीचे तीन डोस दिले. सुकुमारच्या दोन्ही मुली निगेटिव्ह. त्यांना लहानपणीच सरकारी दवाखान्यात लस मिळाली होती.

नंतर आम्ही तात्यांचा नंबर असलेले सगळे जुने फॉर्म काढले. आणखी चार जणांना निरोप पोचले नव्हते. या वेळी फोन केला नाही, घरी गेलो. त्यातले तिघे भेटले. चौथा गाव सोडून गेला होता, तो शेवटपर्यंत सापडला नाही.

बाबासोंचं ऑपरेशन झालं. गाठ परत आली. ते चौदा महिने जगले. सुकुमार गोळी घेतो आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतो. त्याचं लिव्हर ठीक आहे. तो माझ्याशी मोजकंच बोलतो.

फॉर्मवर आता डोनरचा स्वतःचा नंबर लागतो, आणि तो तिथेच लावून बघतात. रजिस्टरमधला “निरोप दिला” हा रकाना आम्ही काढून टाकला. त्या जागी “डोनर समोर बसला” असा केला. तो भरेपर्यंत नोंद बंद होत नाही. एवढी साधी गोष्ट करायला आम्हाला एक माणूस गमवावा लागला.