मेरझूगाच्या तंबूबाहेर दोन ग्लास चहा

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर ऑफिसात डबा खाताना वाचत आले, आणि खरं सांगायचं तर हसायलाच. दोन-तीनदा खाली खवचट कमेंटही टाकलीय — "काका, आधी डोळे तपासून घ्या" वगैरे. ज्यांना लागलं असेल त्यांची माफी मागते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. चूक नेमकी कुठून आली ते शोधून काढणं हेच माझं काम, त्यामुळे भूत-बीत, आत्मे-बित्मे यांना माझ्या डोक्यात कधी जागाच नव्हती. आता मात्र मला एका प्रश्नाचं उत्तर हवंय, आणि तेही येत्या तीन आठवड्यांत. म्हणून लिहितेय.

आम्ही ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहतो. घरात चौघं — मी शर्वरी, मूळची पुण्याची. नवरा निखिल, नागपूरचा. मुलगी अनुष्का, तेव्हा सोळा वर्षांची. आणि सासूबाई, वय चौऱ्याहत्तर. सासरे गेल्यावर निखिलनं त्यांना इकडे आणलं. इथे त्यांचं असं कोणी नाही. त्यांचं सगळं जग म्हणजे नागपूरची धाकटी बहीण, शालूमावशी. रोज सकाळी सातला शालूमावशीचा व्हिडिओ कॉल यायचा, आणि मग आज भाजी काय केली, कोणाचं लग्न मोडलं, कोणाचे गुडघे बदलले... तासभर चालायचं. मला ऑफिसची घाई असायची आणि त्या आवाजाचा मला वैताग यायचा. हे लपवून काही उपयोग नाही.

गेल्या मार्चमध्ये अनुष्काच्या शाळेच्या स्प्रिंग ब्रेकला आम्ही मोरोक्कोला गेलो. सहा वर्षांत पहिली खरी सुट्टी. एरवी सुट्टी म्हणजे पुणे-नागपूर, आणि ती म्हणजे सुट्टी नव्हे, हजेरी. या वेळी आमच्यापुरती व्हॅन, आमच्यापुरता गाइड. युसुफ त्याचं नाव, पन्नाशीचा, शांत माणूस. कासाब्लांका, फेज, मग मेरझूगाचं वाळवंट, शेवटी मराकेश, असा प्लॅन मी चार महिने खपून केला होता. सासूबाईंनी आपलं मेतकूट, चिवडा, खाकरे घेतले होते आणि "काय बाप्पा, उंटावर बसून राहिली मी या वयात!" म्हणत त्या खूश होत्या.

मंगळवारी आम्ही फेजला होतो. तिथे चामडं रंगवायचे जुने दगडी हौद आहेत, ते वरच्या गच्चीवरून बघतात. वास इतका भयंकर की दारातच प्रत्येकाच्या हातात पुदिन्याची काडी देतात, नाकाला लावून ठेवायला. सासूबाई आणि अनुष्का कठड्यापाशी उभ्या होत्या. निखिलनं मला मागे ओढलं आणि फोन दाखवला. शालूमावशीचा मुलगा मंगेश, त्याचा मेसेज होता. शालूमावशी गेली. झोपेतच. "मावशीला आईचं शेवटचं दर्शन घ्यायचं असेल तर व्हिडिओ लावतो. आम्ही दोन तास थांबतो."

निखिलचे डोळे भरले होते. तो म्हणाला, "आईला सांगू या, यार."

मी म्हणाले, "प्रवासात असं सांगतात का कधी? त्यांचं बीपी, त्यांचे स्टेंट... इथे काही झालं तर कुठे नेणार आहेस?"

तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे हे चालतं. परीक्षा आहे, सांगू नका. प्रवासात आहे, पोचल्यावर सांगू. माझ्या आजोबांचं मला अकरा दिवसांनी सांगितलं होतं, कारण माझा व्हिसा इंटरव्ह्यू होता. त्यामुळे मी काही फार वेगळं केलं असं मला तेव्हा वाटलं नाही. पण बीपी हे कारण नव्हतं. कारण हे होतं की मला माझी सुट्टी हवी होती. पुढचे चार दिवस रडणाऱ्या म्हाताऱ्या बाईला घेऊन मला वाळवंट बघायचं नव्हतं. निखिलच्या फोनवरून मंगेशला उत्तर मीच टाइप केलं — "नको, थांबू नका. ट्रिपवर आहोत. घरी गेल्यावर सांगू."

मग मी सासूबाईंचा फोन मागून घेतला, "इथलं सेटिंग करून देते" म्हणून. तो बंद केला आणि माझ्या सॅकच्या आतल्या कप्प्यात टाकून चेन लावली. त्यांना सांगितलं, फोन बिघडलाय. अनुष्काला कळलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. "मम्मा, दॅट्स सो मेस्ड अप. इट्स हर सिस्टर." मी तिला गप्प बसवलं.

बुधवारी व्हॅनमध्ये सासूबाईंनी तीनदा विचारलं, "शालूचा फोन नाही आला का गं?" तिसऱ्यांदा मी माझा फोन काढला आणि शालूमावशीच्या नावानं एक मेसेज मोठ्यानं वाचला. म्हणजे वाचायचं नाटक केलं. "ताई, मजा कर. उंटावर जपून बस. माझी काळजी करू नको, सगळं ठीक आहे." निखिल खिडकीबाहेर बघत होता. सासूबाई हसल्या, म्हणाल्या, "बघा! स्वतः रिक्षात बसायला घाबरते अन् मला शिकवून राहिली." आणि मग निवांत झोपल्या. मला हायसं वाटलं. तेव्हा शालूमावशीला जाळून एक दिवस झाला होता.

त्या संध्याकाळी आम्ही मेरझूगाच्या कॅम्पवर पोचलो. चहूकडे नुसती वाळू, रेंज नाही, वायफाय नाही. तंबू मात्र छान होते.

आता गुरुवारची सकाळ. वेळ साधारण साडेआठ, स्वच्छ ऊन. मी दात घासून तंबूबाहेर आले तर सासूबाई थोड्या अंतरावर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. समोर दुसरी खुर्ची, रिकामी. मधे स्टूल, त्यावर पुदिन्याच्या चहाचे दोन ग्लास. त्या बोलत होत्या. हळू, थांबून थांबून, समोरचा बोलत असताना आपण थांबतो तसं. मधेच "हो का?" मधेच "अरे देवा." मग बराच वेळ फक्त मान हलवत ऐकत होत्या.

युसुफ नाश्त्याचं बघत होता. मी त्याला विचारलं, दोन ग्लास कशाला? तो म्हणाला, "मॅडमनीच मागितले. एक माझा, एक सिस्टरचा, म्हणाल्या." आणि मग जरा अवघडून, "तुमच्याकडे पाहुणी आलीय हे मला कोणी सांगितलं नाही. नाश्ता चौघांचाच लावलाय."

मी त्याला विचारायला हवं होतं, तुला काय दिसलं? विचारलं नाही. मला वाटलं, झालं, डिमेन्शिया सुरू. निखिललाही तेच वाटलं. आम्ही दोघं घरी गेल्यावर न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घ्यायचं बोलत होतो, तेवढ्यात त्या नाश्त्याला आल्या. डोळे लाल, पण चेहरा शांत. दोन्ही ग्लास त्यांनी स्वतः उचलून आणले होते, दोन्ही रिकामे. ब्रेडचा तुकडा मोडता मोडता त्या माझ्याकडे एकटक बघायला लागल्या.

"तुझ्या बाबांशी बोलली का गं तू एवढ्यात?"

"इथे रेंज कुठेय, आई?"

"हो, तेही खरंच," त्या म्हणाल्या आणि खाली बघून खायला लागल्या.

माझे बाबा पुण्याला माझ्या भावाकडे, अमितकडे असायचे. एकोणऐंशी वर्षं, पण ठणठणीत. रोज टेकडी चढायचे. शुक्रवारी दुपारी मराकेशच्या बाजारात मी एका पितळी दिव्यावरून घासाघीस करत होते तेव्हा त्यांचा फोन आला. "शरू, कशी आहेस? जरा बोलायचं होतं..." मी म्हटलं, "बाबा, मी आत्ता बाजारात आहे, उद्या निघतोय, घरी पोचले की निवांत बोलते." ते म्हणाले, "बरं, बरं. काही विशेष नाही." सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, हातभर अंतरावर. त्या म्हणाल्या, "बोल की गं दोन मिनिटं."

"घरी गेल्यावर, आई."

त्यांनी तोंड उघडलं. मला स्पष्ट आठवतंय, काहीतरी बोलणार होत्या. मग त्यांनी पदर नीट केला आणि त्या दिवे बघायला लागल्या.

शनिवारी आम्ही निघालो. कोलंबसला उतरलो तेव्हा संध्याकाळ होती. सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहून मी फोन चालू केला. अमितचे मेसेज एकामागून एक येत गेले. बाबा चहा पितापिता गेले होते. आम्ही विमानात बसत होतो त्या सुमारास.

मी तिथेच सामानाच्या गाडीवर बसले. काय ओरडले ते आठवत नाही, लोक वळून बघत होते. निखिल अमितला फोन लावत होता. सासूबाई माझ्याजवळ आल्या, माझं डोकं पोटाशी धरलं आणि पाठीवरून हात फिरवत, अगदी मायेनं म्हणाल्या,

"गुरुवारीच कळलं होतं मला. शालूनं सांगितलं. म्हणे, शर्वरीचे बाबा शनिवारपर्यंतच. पण म्हटलं, पोरीची ट्रिप कशाला खराब करायची? घरी गेल्यावर सांगू."

मी मान वर केली. "शालूमावशी...?"

"ती मंगळवारी गेली ना. तूच तर मंगेशला कळवलं, थांबू नका म्हणून." आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "हातातली पाटली निघेना तिची. मंगेशनं कटरनं कापली. मनगटाला लागलं बिचारीच्या. दाखवत होती मला."

अनुष्का रडायला लागली. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले. "दोन दिवस होते माझ्याकडे! माझ्या बाबांशी बोलले असते मी! काल फोन आला होता त्यांचा, तुम्ही शेजारी उभ्या होतात!"

"हो ना," सासूबाई म्हणाल्या. "अन् माझ्याकडे दोन तास होते."

मी परत त्या सामानाच्या गाडीवर बसले.

नंतर मी टेस्टिंगवाली बाई करते ते सगळं केलं. फोन माझ्या सॅकमध्येच होता, चेन लावलेली, बंद. मंगेशच्या मेसेजबद्दल त्यांना सांगितलं का म्हणून अनुष्काला विचारलं. ती शपथेवर नाही म्हणाली, आणि ती खोटं बोलत नाही, ते खातं माझं आहे. बहिणीचा फोन येत नाही म्हणून सासूबाईंनी ओळखलं असेल, हेही धरून चालू. पण पाटली? मंगेशला फोन केला. त्याला पाटलीचं विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, खोलीत मी एकटाच होतो. दार लावलं होतं. जखमेवर मीच साडीचा काठ ओढला. हे मी बायकोलाही सांगितलं नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?" बाबांचं तर कोणाला, अगदी बाबांनाही माहीत असायचं कारण नव्हतं. न्यूरॉलॉजिस्टनं सासूबाईंना तपासलं. म्हणाला, स्मरणशक्ती उत्तम आहे. युसुफला टूरवाल्यांकडून दोनदा निरोप पाठवला, उत्तर आलं नाही.

बाबांना काय बोलायचं होतं ते मला कधीच कळणार नाही. अमितलाही माहीत नाही. विशेष काही नसेलही. मी रोज हाच विचार करते आणि रोज मला स्वतःची शिसारी येते.

सासूबाई आमच्याकडेच आहेत. आमच्यात भांडण असं नाही. त्या पोळ्या करतात, मी भाजी करते, एका टेबलाशी जेवतो. त्यांनी आपला फोन परत मागितला नाही. मी नेऊन दिला तर ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. सकाळी सातला त्या घरामागच्या लाकडी डेकवर जाऊन बसतात, थंडीत कोट घालून. काचेच्या दारातून मला त्यांचे ओठ हलताना दिसतात. मी दार उघडत नाही.

पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. मी एकटीच पुण्याला जातेय, दोन आठवडे. निखिल, अनुष्का इथेच. परवा सकाळी सासूबाई डेकवरून आत आल्या, कोट काढला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून माझ्याकडे बघायला लागल्या. मेरझूगाला ब्रेड मोडताना बघत होत्या तशाच. मी हातातला कप खाली ठेवला.

मी विचारलं, "आई, काय झालं? काही कळलंय का? निखिलचं? अनुष्काचं? माझं?... सांगा ना."

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "तू जाऊन ये. मग बोलू."

त्यानंतर मी पाया पडले, रडले, निखिलला मधे घातलं. त्या तेवढंच म्हणतात, हसून, माझ्या गालाला हात लावून — सगळं ठीक आहे. खरंच काही नसेल. किंवा असेल. मी जाऊ की राहू? तुमच्यापैकी कोणाला असं काही माहीत असेल तर कृपा करून लिहा. आणि माझी ट्रिप खराब होईल म्हणून काही लपवू नका.