नर्मदामैयाची उरलेली गोष्ट

आमच्या घरी कुणी आजारातून उठलं की नातेवाईक जमतात आणि मला धरून बसवतात. म्हणतात, काका, ती नर्मदामैयाची गोष्ट सांगा. मी सांगतो. आमची मंदा कशी हाती लागेनाशी झाली होती, मैया म्हातारीच्या रूपानं कशी आली, पेजेचं पाणी पाजून तिनं पोरीला कशी परत आणली. ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात, माझेही भरतात. रडायच्या जागा मला पाठ आहेत. मात्र माझी बायको कुसुम गोष्ट सुरू झाली की चहा टाकायला आत जाते आणि गोष्ट संपेपर्यंत तिचा चहा काही होत नाही. कारण या गोष्टीचा अर्धा भाग मी आजवर गिळत आलो आहे, तो तिला ठाऊक आहे, आणि चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडणं तिच्या स्वभावात नाही. आता माझी पन्नाशी उलटली. देवाची गोष्ट अर्धीच सांगून आपण नेमकं कुणाला फसवतो, हा प्रश्न हल्ली पूजेला बसलं की मध्येच उठतो. म्हणून एकदा पुरती लिहून टाकतो.

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरच्या सचिवालयातली कपाटं, फायली आणि आम्ही कारकून, असं सगळं सामान भोपाळला हलवलं गेलं. त्यात कमी कुरकुर फायलींनी केली. इथं आल्यावर मला आरोग्य खात्याच्या प्रचाराच्या कामावर टाकलं. खेड्यात जायचं, भिंतीवर चित्रांचे तक्ते टांगायचे आणि माझ्या नागपुरी हिंदीत लोकांना आरोग्य शिकवायचं. त्यात एक तक्ता हगवणीचा होता. आडवं पडलेलं मूल आणि शेजारी लाल फुली मारलेला पाण्याचा तांब्या. हगवण लागली की पोटाला विश्रांती द्या, पाणीसुद्धा देऊ नका, दवाखान्यात आणा. त्या काळी डॉक्टर मंडळीही हेच सांगत, ही पळवाट मला आहे. पण हातात छडी घेऊन तक्त्याजवळ उभा राहिलो की मलाही आपण थोडे डॉक्टर आहोत असं वाटायचं, हेही खरं आहे.

पुढं एका हिवाळ्यात वरून हुकूम आला, सरकारी दवाखान्यांबद्दल रुग्ण किती समाधानी आहेत याचा अभ्यास करायचा. छापील फॉर्म आले. शेवटी तीन चौकोन होते: बहुत संतुष्ट, संतुष्ट, असंतुष्ट. शेवटच्या चौकोनात खूण केली तर कारणांचा वेगळा कागद तीन प्रतींत भरायचा आणि त्याला दवाखान्याचा खुलासा जोडायचा. आता तुम्हीच सांगा, कोणता कारकून लोकांना असंतुष्ट राहू देईल? शिवाय आमची विचारण्याची पद्धत अशी की दवाखान्याच्या ओट्यावर कंपाउंडरच्या खुर्चीशेजारी खुर्ची टाकायची आणि समोर आलेल्या माणसाला विचारायचं, यांच्याकडून औषध नीट मिळतं ना? लोक कंपाउंडरकडे बघत आणि संतुष्ट होत.

होशंगाबाद रस्त्यावर, मिसरोदच्या बरंच पुढं, एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या दवाखान्यात जमनाबाई नावाची म्हातारी डोळ्यांत औषध घालून घ्यायला आली होती. मी प्रश्न विचारला, तशी ती ओट्यावर बसलीच.

"पिछली बरसात में मेरा पोता गया, बाबूजी. आप ही तस्वीर लेकर आए थे, बोले थे पानी मत देना. हमने नहीं दिया. यहाँ लेकर आए तो चढ़ाने की बोतल नहीं थी. पानी माँगते-माँगते गया."

ती बराच वेळ बोलत होती. कधी आणलं, कुणी उचलून आणलं, पोरगं घागरीकडे कसं बघत होतं. कंपाउंडर तिवारीजी आपली नखं बघत होते. आत माझ्यासाठी चहा-पोहे मांडलेले होते आणि बसची वेळ होत आली होती. मी मधल्या चौकोनात खूण केली.

"लिख लिया?" तिनं विचारलं.

"लिख लिया, अम्मा," मी म्हणालो आणि तिचा अंगठा घेतला.

भोपाळला आल्यावर सगळ्या फॉर्मांवर इंग्रजीत टिपण लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की या भागातला रुग्णवर्ग समाधानी असून जादा साहित्याची निकड दिसत नाही. साहेबांनी 'गुड ड्राफ्ट' म्हटलं. त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते.

पुढच्या उन्हाळ्यात सोमवती अमावास्या आली. कुसुमचा नर्मदास्नानाचा नवस राहिला होता. आम्ही तिघं होशंगाबादला गेलो. मंदा सहा वर्षांची होती. स्नान झालं, आरती झाली, आणि घाटावर खरबुजाच्या कापलेल्या फोडी दिसल्या. उघड्यावरची कापलेली फळं खाऊ नका, हा माझा तिसरा तक्ता. मंदानं हट्ट धरला, कुसुम नको म्हणाली, आणि मी म्हणालो, "अगं, मैयाच्या काठावर काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे धर्मशाळेतच मंदाला उलट्या-जुलाब सुरू झाले. भोपाळचं मोठं इस्पितळ गाठू म्हणून पहिली बस धरली. बसमध्ये तिचे कपडे तीन वेळा भरले. पुढच्या बाकावरचा एक गृहस्थ पटकीच्या धसक्यानं ओरडला, "हैजा है, उतारो इनको." कंडक्टर वाईट माणूस नव्हता, त्यानं ट्रंक स्वतः खाली ठेवून दिली. उतरलो तर समोर तेच गाव. मला हायसं वाटलं. कुसुमला म्हणालो, "घाबरू नकोस, हा दवाखाना माझ्या ओळखीचा आहे."

तिवारीजींनी मंदाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. डोळे खोल गेले होते. ते म्हणाले, डॉक्टरसाहेब शुक्रवारी येतात, हिला सलाइन चढवायला हवं, आणि सलाइन इथं नाही.

"नाही कसं? मागवत का नाही?" मी खात्याच्या आवाजात विचारलं.

त्यांनी फाईल काढली आणि एक पत्र माझ्यासमोर धरलं. त्यांनी बाटल्या मागितल्या होत्या. आमच्या कचेरीनं नाकारल्या होत्या, आणि कारण म्हणून माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं, निकड दिसत नाही. "आप ही तो लिख गए थे, साहब," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कुत्सितपणा असता तर मला सोपं गेलं असतं. तसा तो नव्हता.

पुढची बस संध्याकाळी. बैलगाडीनं जायचं तर पोरगी वाटेतच गेली असती. मंदा पाणी मागत होती, "बाबा, पाणी," एवढंच, आणि मी तक्त्यावरचा शहाणपणा धरून बसलो होतो. कुसुम म्हणाली, "अहो, एक घोट देऊ का?" मी नको म्हणालो. मग ओट्याच्या कोपऱ्यात जाऊन डोळे मिटले आणि नाम घ्यायला लागलो. त्याला नामस्मरण म्हणायची मला लाज वाटते. आपल्याच सहीनं दरवाजा बंद करून मी देवाला खिडकीतून यायला सांगत होतो.

जमनाबाईचं घर दवाखान्याला लागूनच. कुसुमचं रडणं ऐकून ती आली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात लाकडी चमचा. लोट्यात भाताची पातळ पेज होती, मीठ घातलेली. तिनं मला ओळखलं, हे तिच्या थबकण्यावरून मला कळलं. मग ती मंदाजवळ बसली.

मी आडवा आलो. "अम्मा, पानी नहीं देना है. डॉक्टर लोग..."

"एक बार मानी थी आपकी," ती म्हणाली.

एवढंच. कुसुमनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं मंदाला उचललं आणि म्हातारीच्या मांडीवर ठेवलं.

त्यानंतर दुपार कलेपर्यंत दुसरं काही घडलं नाही. एक चमचा, थांबायचं, पुन्हा एक चमचा. मंदा ओकली की म्हातारी पदरानं तिचं तोंड पुसायची, थोडी थांबायची आणि म्हणायची, "चल बिटिया, फिर से." लोटा संपला की कुसुम म्हातारीच्या चुलीवरून दुसरा आणायची. तिवारीजींनी औषधांची खोली बंद केली आणि ते पंख्यानं वारा घालत बसले. मी कामाचा नव्हतो, म्हणून मला कुणी काम सांगितलं नाही. ऊन ओट्यावरून उतरू लागलं तेव्हा म्हातारीचं लुगडं मांडीवर ओलं झालं. तिनं हात लावून पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला.

"मूत दिया," ती कुसुमला म्हणाली. "अब नहीं जाएगी."

कुसुम तिच्या पायांवर कोसळली. "मैयाच आली हो," असं ती म्हणाली, आणि घरातली गोष्ट तिथूनच सुरू झाली. मी तिच्याशी वाद घातला नाही, आजही घालत नाही. कंडक्टरनं त्याच गावात का उतरवलं, त्याच घरची चूल का पेटलेली होती, हे मला सांगता येत नाही. फक्त एवढं कळतं, की कृपा यायचीच होती तर ती दुसऱ्या कुणाच्याही हातून येऊ शकली असती, आणि मला ते फार सोयीचं गेलं असतं.

कचेरीत मी दुसरं टिपण लिहिलं. पहिलं चुकीचं होतं असं स्पष्ट लिहिलं. बडे बाबू म्हणाले, "झालेला अभ्यास मागं फिरत नसतो हो," आणि ते फाईलला लावून ठेवलं. माझ्या तिथल्या नोकरीत त्या गावी बाटल्या गेल्याचं मी ऐकलं नाही. हगवणीचा तक्ता तेवढा मी पुन्हा कधी टांगला नाही. विचारलं तर सांगायचो, वाळवी लागली.

महिन्याभरानं लुगडं आणि नारळ घेऊन मी एकटाच जमनाबाईकडे गेलो. ती दारात गहू निवडत होती. लुगडं तिनं बाजूला सरकवलं आणि विचारलं, "बिटिया खाती-पीती है?" म्हणालो, खाते. मग उंबऱ्याखाली बसून तिला सांगितलं, की अम्मा, नातवाचं जे तू सांगितलं होतंस ते मी लिहिलंच नव्हतं. उलटं लिहिलं होतं.

तिचे हात सुपात चालतच राहिले. "मालूम था," ती म्हणाली. "इतनी लंबी बात कही हमने, और आपकी कलम एक बार हिली."

तिला माहीत होतं. लोटा घेऊन आली तेव्हाही माहीत होतं. क्षमा केली का, हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. ती गव्हातले खडे वेचत राहिली, मीही मूठभर गहू पुढ्यात ओढून वेचू लागलो. तिनं मला थांबवलं नाही. बसची वेळ झाली तरी मी उठलो नाही.

मंदाला आता स्वतःची दोन मुलं आहेत. मी रोज नर्मदामैयाला हात जोडतो आणि त्या वेळी डोळ्यांपुढे तो ओटा येतो. शरण जाणं म्हणतात ते मला अजून नीट साधलेलं नाही. त्या दिवशी पोरगी परक्या मांडीवर ठेवली ती कुसुमनं. मी फक्त दुसऱ्यांदा आडवा आलो नाही. माझ्या उभ्या आयुष्यातली भक्ती बहुधा तेवढीच, आणि देवानं तेवढ्यावर भागवून घेतलं. त्याचे उपकार मानतो. पण हे उपकार गोड लागत नाहीत. एका घरी मूल राहिलं आणि एका घरी गेलं, आणि दोन्हीकडे पाणी नको म्हणून सांगणारा मीच होतो.