कमानीची उजवी बाजू

वडगावात मी ज्या फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे, तिथले डिझाइन करणारे भाऊ कॉम्प्युटरवर कमान कधी अख्खी काढत नाहीत. डावी अर्धी काढतात, तिची कॉपी उलटी करून उजवीकडे जोडतात आणि म्हणतात, "उजवी फुकटात." मला ते 'लातूर' म्हणतात. नववीतून शाळा सोडून मी तिकडून आलो. माऊस धरायला त्यांनीच शिकवलं, म्हणून त्यांच्यापुढे मी फारसं बोलत नाही.

परवा आंदर मावळातल्या एका लग्नाची कमान छापायला निघाली होती. दोन्ही टोकांना गणपती होते, आणि कॉपी उलटवल्यामुळे एकाची सोंड उजवीकडे वळली होती. उजव्या सोंडेचं सोवळं कडक असतं, मुलीकडच्यांनी कमान परत पाठवली असती. पण सांगितलं आणि भाऊ दुखावले, तर मला इथं कोण ठेवणार? शेवटी म्हणालो, "भाऊ, सोंड बघा."

त्यांनी स्क्रीनवर दोन्ही गणपती मोठे करून पाहिले. मग पहिला गणपती त्यांनी मधोमध घेतला, दुसरा पुसला आणि टोकांना मोर बसवले.

"मोर कुनीकडंबी बघू दे," म्हणाले.

तेव्हापासून छापायच्या आधी ते खुर्ची बाजूला सरकवतात. "बघ रं, लातूर." मी बघतो. चूक सापडली नाही की मला जास्त भीती वाटते.