जाधवकाकांचं लॉगबुक

"काका, माऊसला हात लावू नका," म्हणत मी आधी इंटरनेटची वायर काढली. स्क्रीनवर आपोआप फिरणारा बाण जागच्या जागी थांबला.

नाशिकरोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जाधवकाका जुने गिऱ्हाईक, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. त्या दिवशी त्यांनी फोन करून मला घरी बोलावलं होतं. नोकरीभर कंट्रोल रूममध्ये मीटर बघायचे आणि लॉगबुकात लिहायचे. ती सवय काही सुटली नव्हती. त्यांनी वही पुढे केली. कॉम्प्युटर हॅक झाल्याची एकूण एक लक्षणं वेळेसकट लिहिलेली. बाण आपोआप हलला. कॅमेऱ्याचा दिवा लागला. अँटीव्हायरस बंद दिसला. न पाठवलेल्या मेलला उत्तर आलं. पहिली नोंद बारा दिवसांपूर्वीची, शेवटची त्याच दिवशीची: मेल उघडत नाही.

मी चिडलेच. "बारा दिवस नुसतं लिहीत बसलात? फोन नाही का करायचा?"

मी पहिलं पान उघडलं. '१०.४०, बाण हलला.' त्यापुढे एकच शब्द: 'विवेक?'

विवेक त्यांचा एकुलता एक मुलगा. नोकरीसाठी जर्मनीत होता, मागच्या वर्षी तिथेच अपघातात गेला. वडिलांचं काही अडलं की तिकडूनच दुरुस्त करून द्यायचा. त्यासाठी त्याने रिमोट ॲक्सेसचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्या सॉफ्टवेअरमुळे लांबचा माणूस आपला कॉम्प्युटर चालवू शकतो. पासवर्ड साधा, वर्षानुवर्षं तोच. चोर तिथूनच शिरला.

"अगं, तो नाही हे कळत होतं मला," काका म्हणाले. "तो आला की आधी नोटपॅड उघडून लिहायचा, 'बाबा, मी आहे.' म्हटलं, बघू थोडी वाट."

मला माझ्याच आवाजाची लाज वाटली.

चोराने मेलचा पासवर्ड बदलला होता, खात्याला जोडलेला फोन नंबरही बदलला होता. विवेकची सगळी पत्रं त्या मेलमध्ये. मेलच्या कंपनीला अर्ज केले, पुरावे दिले, महिनाभर पाठपुरावा केला. खातं परत मिळालं नाही. पहिल्याच दिवशी मला कळलं असतं, तर बहुतेक वाचलं असतं.

रिमोटचं सॉफ्टवेअर मात्र मी त्याच भेटीत काढलं; काढण्यापूर्वी त्यांना विचारलं. त्यांनी नुसती मान डोलावली. मग घड्याळ बघून वहीत लिहिलं, '१२.१५, काढलं.'

बाण आपोआप हलला तर आधी इंटरनेट तोडा, मग फोन करा, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावते. पूर्वी 'वाट बघत बसू नका' असंही म्हणायचे. आता ते तोंडातून निघत नाही.