शालनचे विचारणे

शालन हळकुंड मोडायची आणि त्याचा गाभा आधी उजव्या डोळ्याने पाहायची, मग डाव्याने. सांगलीच्या पेठेतील माझ्या अडत दुकानात मालाची प्रत तीच ठरवीत असे. एक डोळा झाकून उभ्या असलेल्या त्या बाईला पाहून हमाल हसत. मीही हसलो होतो. "आण्णा, डाव्या डोळ्याला हळद फिकी दिसतीया. माल तर एकच हाय," ती म्हणाली, तेव्हा चष्मा बदल, एवढेच मी सांगितले.

तिने मोठा दवाखाना गाठला. निदान निघाले मल्टिपल स्क्लेरोसिसचे. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच नसांवरचे आवरण कुरतडते. झटका येतो, ओसरतो, पुन्हा येतो. सलाईनमधून दिलेल्या स्टिरॉइडने डोळा निवळला. पण पुढचे झटके रोखण्यासाठी औषध चालूच ठेवायचे होते. डॉक्टरांनी पर्याय मांडले, तेव्हा मी सोबत होतो. घरी टोचायची इंजेक्शने, रोजच्या गोळ्या, किंवा सहा महिन्यांनी शिरेतून द्यायचे जोरकस औषध. त्यात जंतुसंसर्गाची धास्ती अधिक. मी घाबरलो. शालनची चौकशी मात्र संपेना. मूल हवे असेल तर यातले कोणते चालेल, रक्त कितीदा तपासायचे, एखादे सोसले नाही तर दुसरे घेता येईल का. शेवटी म्हणाली, "पर औषध लागू पडतंय, हे मला कळंल कसं?"

"काहीच होणार नाही. तेच कळणं," डॉक्टर म्हणाले.

या उत्तरावर ती परतीच्या रिक्षात स्वतःशीच हसत होती. तिने गोळ्या निवडल्या.

वर्षभर खरोखरच काही झाले नाही. गोळी घेतली की तिचा चेहरा लालबुंद होई, पोट ढवळे. ते मला पाहवेना. एके दिवशी मीच म्हणालो, "ठणठणीत आहेस की. कशाला रोज पोटात विष घालतेस?" मी वडीलधारा, तिने ऐकले, गोळ्या बंद केल्या. काही महिन्यांनी गोदामाच्या पायरीवर तिचा उजवा पाय उचललाच नाही.

त्यात पुरते बळ परतले नाही. आता ती सहामाही औषध घेते, काठी घेऊन कामावर येते. धीर गोळा करून मी माफी मागितली. तिने हातातले हळकुंड मोडले.

"तुमी मायेनं बोलला, आण्णा, म्हणून इचारायचं ऱ्हाऊन गेलं. डॉक्टरला एवढं इचारलं, तुमाला एकच इचारायचं हुतं. तुमाला कसं ठावं?"

तिने विचारले असते, तर मला खरे सांगावे लागले असते. मला काहीच ठाऊक नव्हते.