पोर्चमधला पुठ्ठा

गाडी घेताना मी बॉनेट उघडून स्वतः बघितलं होतं, हे आधीच सांगून टाकते. नंतर ज्यानं त्यानं मला अक्कल शिकवली, म्हणून सांगते. इंजिन इतकं चकचकीत होतं की त्यात बघून टिकली लावावी. जुन्या गाडीचं इंजिन इतकं घासूनपुसून ठेवलंय म्हणजे काहीतरी लपवलंय, हे त्या वेळी कुणाला सुचतं? जालना रोडवरचा तो दलाल म्हणाला, "मॅडम, आँख बंद करके लेके जाव." मी चांगले डोळे उघडे ठेवून घेतली आणि तरी फसले.

गाडी घ्यायचं कारण माझी कंबर. नोकरी चितेगावच्या एका कंपनीत, पैठण रोडनं रोज स्कूटीवर जा-ये, आणि शेजारून ट्रक गेला की जीव मुठीत. नवरा पुण्याला कामाला. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाकी आठवडाभर घरात दोनच माणसं, मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते, आमच्यात तसंच म्हणतात.

मामांचं आणि माझं बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं हो, रीतच तशी. वैजापूरकडच्या त्यांच्या गावात सासरा सुनेशी थेट बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या मधे सासूबाई असायच्या. मी दोन हातांवर उभी असले तरी मामा त्यांना सांगायचे, "तिला म्हणावं, चहात साखर घालत जाय." मीही त्यांनाच सांगायचे, "मामांना म्हणावं, डॉक्टरांनी बंद केलीय." सासूबाई एकदा इकडे बघायच्या, एकदा तिकडे, आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. मामांच्या कपात गुपचूप साखर घालायच्या त्याही त्याच.

गेल्या वर्षी त्या गेल्या. निरोप पोचवणारं माणूसच गेलं. शेत बटईनं दिलं, बैलं विकली, घराला कुलूप घातलं आणि नवऱ्यानं मामांना संभाजीनगरला, आमच्या बीड बायपासच्या रो-हाऊसमधे आणलं. येताना त्यांनी एक कापडी पिशवी आणली आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. मी कपाटातला एक कप्पा त्यांच्यासाठी रिकामा करून, पुसून, कागद घालून ठेवला होता. तो तसाच राहिला. अंघोळीनंतर ते पिशवीतून कपडे काढायचे, आणि वाळलेले घडी करून परत पिशवीत ठेवायचे. स्टँडवर एसटीची वाट बघत बसल्यासारखे राहायचे माझ्या घरात. वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा.

सासूबाई नाहीत म्हटल्यावर मामा भिंतीशी बोलायला लागले आणि मी फ्रिजशी.

"चहा झाला असंल तर..." हे भिंतीला.

"टेबलावर ठेवलाय." हे फ्रिजला.

आणि अधूनमधून भिंतीला विचारायचे, "वैजापूरची पहिली गाडी कितीला असंल बरं?" तिकडे एकटे राहणार, खाणार काय? या माणसाला धड गॅस पेटवता येत नव्हता. रात्री-अपरात्री पडले-बिडले तर कळणार कुणाला? पण थांबा म्हणायचं कसं? फ्रिजकडे बघत कुणाला थांबा म्हणता येतं का?

तर अशा घरात ती गाडी आली. पांढरी, छोटी. मी नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, गुलमंडीवरून हौसेनं कापड आणून शिवलेली कव्हरं चढवली. मामा लांब उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मागे घेतली आणि बघते तर काय, पोर्चच्या नव्याकोऱ्या फरशीवर काळाकुट्ट डाग. माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथं दलालाला फोन लावला. तो म्हणतो कसा, "मॅडम, पुरानी गाडी है, थोडा पसीना तो छोडेगीच." मेल्याला जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फोन ठेवून वळले तर मामा उकिडवे बसलेले. त्यांनी डागाला बोट लावलं, दोन बोटांत चोळून पाहिलं, हुंगलं. त्यांच्या विहिरीवर आयुष्यभर डिझेलचं इंजिन होतं, त्याच्या तेलात त्यांचे हात मुरलेले. मग त्यांनी गाडीच्या दिव्यावर हात ठेवला आणि गाडीलाच म्हणाले, "लई नाय गळत. खालचं पॅकिंग जरा नरम पडलंय. तेल बघत राहिलं तर काय नाय होत."

इतकं लांबलचक बोलणं मी त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मी गाडीच्या आरशाकडे बघत म्हणाले, "कुठलं तेल आणायचं ते कुणी सांगितलं तर आणीन." त्यांनी सांगितलं. गाडीला.

मी तेलाचा डबा आणला. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा माळ्यावर होता, तो मामांनी कापून इंजिनखाली बरोबर बसवला. मग रोज सकाळचा कार्यक्रमच ठरला. मी माझा जेवणाचा डबा भरायच्या आत ते पोर्चमधे. पुठ्ठा ओढून बघायचे, बॉनेट उघडून तेलाची काडी काढायचे, जुन्या धोतराच्या फडक्याला पुसायचे, परत घालून परत बघायचे. लागलं तर घोटभर तेल ओतायचे. आणि गाडीला सांगायचे, "आज भरपूर हाय. पण सबुरीनं जायचं. त्या रोडला ट्रकवाले माजलेत."

"हॉर्न वाजवत जाते," मी स्टेअरिंगला सांगायचे.

संध्याकाळी मी फाटकात शिरले की ते आधीच उभे. बॉनेटवर हात ठेवायचे. "तापलीय. उशीर झाला."

"बायपासला जाम होता."

"जेवण झालं असंल का नाय दुपारचं?"

आता गाडी कधी जेवते का? पण मी दुपारी काय खाल्लं, साहेब काय म्हणाला, कंबर कशी आहे, सगळं त्या बॉनेटला सांगत उभी राहायचे. शेजारीण एकदा गॅलरीतून बघत होती. तिला वाटलं असेल, आख्खं घर येडं झालंय. वाटू दे. वैजापूरच्या गाडीचं नाव मामांनी काढलं नव्हतं, मला तेवढं पुरे होतं. पिशवी मात्र अजून खिळ्यालाच होती.

नवऱ्याचा स्वभाव कामसू. एका शनिवारी आला, पुठ्ठा बघितला आणि म्हणाला, "हे काय घाणेरडं ठेवलंय?" मी काही म्हणायच्या आत गाडी घेऊन गेला. गॅरेजमधे पॅकिंग बदललं, संध्याकाळी किल्ली माझ्या हातात देत म्हणाला, "घे. आता एक थेंब पडणार नाही." मी म्हणाले, "बरं केलं." आणि मला खरंच बरं वाटलं. मूर्ख मी.

रविवारी पुठ्ठा कोरडा. सोमवारी कोरडा. मामांनी तो घडी करून पाण्याच्या टाकीमागे सारला, हात धुतले आणि आत जाऊन बसले. सकाळी पोर्चमधे येईनात, संध्याकाळी फाटकात दिसेनात. मी मुद्दाम हॉर्न वाजवला, तरी नाही. चहा झाला असंल तर, हेसुद्धा थांबलं. आणि बुधवारी संध्याकाळी पोळ्या करत होते, तेव्हा त्यांनी खिळ्यावरची पिशवी काढली, कपडे नीट दाबून भरले आणि भिंतीला सांगितलं, "उद्या सकाळच्या गाडीनं जावं म्हणतो. इथं आता काय काम हाय माझं?"

मी पोळपाट आपटला, लाटणं आपटलं, परात आपटली. तोंडातून शब्द फुटला तर शपथ! नवऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "त्यांना करमत नसेल तर जाऊ दे चार दिवस." चार दिवस! पिशवी भरणाऱ्या माणसाचे हात त्यानं बघितले नव्हते, मी बघितले होते. सासूबाईंची इतकी आठवण आली की गॅस बंद करून रडले. त्या असत्या तर मी त्यांना एवढंच म्हणाले असते, "मामांना म्हणावं, जाऊ नका."

सकाळी मामा अंघोळीला गेले आणि मी चप्पलसुद्धा न घालता पोर्चमधे पळाले. टाकीमागचा पुठ्ठा काढला, गाडीखाली सारला, डब्यातलं तेल त्यावर थोडं सांडलं आणि डबा जागेवर ठेवला. मग झाडू घेऊन उगीच अंगण झाडायला लागले.

मामा बाहेर आले. धुतलेली टोपी, पायात वहाणा, हातात पिशवी. मी फाटकाला सांगितलं, "गाडी परत गळायला लागली वाटतं."

ते थांबले. पिशवी पायरीवर ठेवली. गुडघ्यावर हात देत खाली बसले, पुठ्ठा ओढला. बोट लावलं, चोळलं, हुंगलं. मग ते बोट त्यांनी उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. मी झाडू धरून नुसती उभी.

आणि मामांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे नाही, गाडीकडे नाही. माझ्याकडे.

"पोरी," ते म्हणाले, "हे कोरं तेल हाय. इंजिनातून गळालेलं काळं असतं."

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मी झाडूकडे बघायला लागले.

"जाऊ नका म्हणायचं होतं, तर तोंडानं म्हणायचं. एवढं तेल कशापायी वाया घालवलं?"

त्यांचा आवाज ओला झाला होता. मी वर बघितलं, त्यांच्या डोळ्यांत बघितलं, आणि मधे कुणालाच न घेता म्हणाले, "मामा, जाऊ नका."

त्यांनी धोतराच्या फडक्यानं बोट पुसलं, पुठ्ठा पुसला. मग पिशवी उचलून माझ्यासमोर धरली.

"आत ठिव. अन् चहा टाक. साखर घालून."

मी पिशवी आत नेली. खिळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एकेक कपडा काढून कपाटातल्या त्या कप्प्यात लावला, आणि मग चहा टाकला, साखर घालून.